आयएसओत डीफॉल्ट फाइलसिस्टिम कोणती ठेवायची? ईएक्सटी४ की बटरएफएस?

रामबागकर
शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, आपल्या मराठी लिनक्सची पुढची आयएसओ (इन्स्टॉल करायची इमेज) डेबियन १३ वर बांधतोय. कीबोर्ड, फाँट, लिबरऑफिसमधली मराठी तपासणी, सगळं जागेवर बसलं. अडलंय ते एका ओळीवर. कॅलामारेस इन्स्टॉलरच्या कॉन्फिग फाइलीत डीफॉल्ट फाइलसिस्टिमचं, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं, नाव लिहायची एक ओळ असते. तिथं आजवर ईएक्सटी४ होतं. परवा मी ते खोडून बटरएफएस लिहिलं, बिल्ड घेतलं, दोन दिवस स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलं आणि कमिट करताना, म्हणजे बदल पक्का नोंदवताना, हात अडखळला. म्हणून हा धागा.

बदलावंसं का वाटलं ते सांगतो. गेल्या गणपतीत एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत अपडेटनंतर सात मशिनींचे पडदे काळे झाले. ग्राफिक्सचं एक पॅकेज बिनसलं होतं. दोन संध्याकाळी आरती सोडून मी तिथं बसलो होतो, एकेका मशिनीवर जुनं पॅकेज उतरवत. बटरएफएसवर सिस्टिमचा त्या क्षणाचा स्नॅपशॉट ठेवता येतो; अपडेटआधीचा असता तर बूट मेनूतून कालची अवस्था निवडली की झालं. शाळेच्या शिपायानंसुद्धा केलं असतं.

दुसरं कारण चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते ओळखायचा ताळा. ईएक्सटी४ स्वतःच्या नोंदींचे चेकसम ठेवतं, आपण लिहिलेल्या मजकुराचे नाही. बटरएफएस दोन्हींचे ठेवतं. तिसरं कारण जागेचं. जेल रोडच्या बाजारातून आणलेल्या १२० जीबीच्या एसएसडी आहेत, त्यावर झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन लावलं की सिस्टिमच्या फाइली बऱ्यापैकी आवळल्या जातात.

आपल्या मशिनी कशा आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. चार जीबी रॅम, निम्म्यांमध्ये ५०० जीबीची फिरती डिस्क, यूपीएस असला तर बॅटरी मेलेली. आणि अ‍ॅडमिन म्हणजे मी, तोही फोनवर.

पोहे_आणि_पर्ल
शुक्रवार, रात्री ११:०५

घे बिनधास्त भिया. ओपनसुसेनं १३.२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०१४ पासून, रूटसाठी (सिस्टिमच्या भागासाठी) बटरएफएस डीफॉल्ट केलं. फेडोरानं ऑक्टोबर २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीत डेस्कटॉपसाठी केलं आणि पुढच्याच आवृत्तीत कॉम्प्रेशनही चालू करून टाकलं. मी तेव्हापासून फेडोरावर आहे. दोन लॅपटॉप बदलले, फाइलसिस्टिमनं एकदाही रडवलं नाही.

पण एक गोष्ट नीट बघ. या दोघांनी एकच फाइलसिस्टिम घेतली तरी कारणं वेगळी होती. ओपनसुसेला स्नॅपशॉट हवे होते. पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर स्नॅपर आपोआप स्नॅपशॉट घेतो आणि ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ते दिसतात. फेडोरानं स्नॅपशॉटचं काहीच आपोआप लावलं नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं: रूट आणि होम (आपल्या फाइलींचा भाग) वेगळ्या विभाजनात, रूट भरून वाहतंय आणि होम रिकामं, किंवा उलटं. बटरएफएसमध्ये दोघं एकाच भांड्यातून खातात, तो प्रश्न मिटला.

तुला हवंय ते ओपनसुसेसारखं. म्हणजे एक शब्द बदलून भागणार नाही. स्नॅपर हवा, जुने स्नॅपशॉट झाडणारा टायमर हवा, ग्रबला मेनू तयार करून देणारी स्क्रिप्ट हवी, आणि सबव्हॉल्यूमची (बटरएफएसच्या आतल्या कप्प्यांची) मांडणी जुळायला हवी. डेबियनचा जुना इन्स्टॉलर रूटला @रूटएफएस असं नाव देतो, तर टाइमशिफ्टला (स्नॅपशॉटचंच दुसरं साधन) @ आणि @होम अशीच जोडी लागते. कॅलामारेसमध्ये ते तुझ्या हातात आहे, पण तपासून घे. हे सगळं डेबियननं केलेलं नाही, म्हणजे मोडलं तर बग आपलाच.

जुना_एक्सचेंजवाला
शनिवार, सकाळी ६:२०

रामबागकर, बेटा, हात अडखळला तो बरोबर ठिकाणी अडखळला.

माझ्या कपाटात एक डिस्क आहे. सुसे लिनक्सची, त्या काळी तिची डीफॉल्ट फाइलसिस्टिम रायझरएफएस होती. २००१ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४.१ मध्ये आली तेव्हा जर्नल, म्हणजे लिहिण्याआधीची नोंदवही, ठेवणारी मुख्य कर्नलमधली पहिलीच फाइलसिस्टिम होती ती. लहान लहान फाइली काय वेगानं हाताळायची! आम्ही टेलिफोन एक्सचेंजमधली पोरं (तेव्हा पोरंच होतो, चाळिशीतली) तिच्यावर फिदा होतो. जानेवारी २०२५ मध्ये ६.१३ कर्नल आलं त्यातून तिचा कोड काढून टाकला. आता ती डिस्क उघडायची तर आधी जुनं कर्नल शोधा.

ताजं उदाहरण बीकॅशएफएसचं. जानेवारी २०२४ मध्ये ६.७ मध्ये आली, २०२५ संपायच्या आत ६.१८ मधून बाहेर. कोडपेक्षा भांडणं माणसांची होती, पण ज्यानं त्यावर घरचे फोटो ठेवले त्याला त्याचं काय?

उलट ईएक्सटी४ बघ. डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ कर्नलमध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. ईएक्सटी३ चा वेगळा ड्रायव्हर कर्नलमधून गेला तरी त्या डिस्का ईएक्सटी४ चा ड्रायव्हर निमूट उघडतो. तारखा २०३८ ला संपतील म्हणून सगळे घाबरतात. हिचं पंचांग, आयनोड (फाइलीची नोंद) २५६ बाइटचा असेल तर, २४४६ सालापर्यंत आहे. माझ्या नातवाच्या नातवानं काळजी करावी.

बटरएफएस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शाळेतल्या मशिनीत ते नकोच, एवढंच म्हणतो.

पोहे_आणि_पर्ल
शनिवार, सकाळी ९:१५

काका, नमस्कार. पण ईएक्सटी४ ला इतकं सोवळ्यात ठेवू नका. डिसेंबर २०२३ आठवा. डेबियन १२.३ ची इमेज ऐन वेळी थांबवली होती, कारण त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा डेटा बिघडवणारा बग निघाला. आणि २००९ मध्ये उबुंटूवर मशीन अचानक बंद पडलं की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या, ते? लिहायला उशीर करायची नवी पद्धत आणली होती, जुनी सॉफ्टवेअर तिला तयार नव्हती. पुढच्या कर्नलांमध्ये ते सांभाळून घेतलं.

जुना_एक्सचेंजवाला
शनिवार, सकाळी ९:४०

आठवतंय. माझीच बुकमार्कांची फाइल शून्य झाली होती. पण बघ, २०२३ ला इमेज थांबवली गेली कारण त्या वाटेवरून एवढी वर्दळ आहे की खड्डा पडला की तासाभरात ओरड होते. आपल्या वाटेवर कोण आहे? तू, मी आणि हा.

बडोद्याचा_बंड्या
शनिवार, सकाळी ११:३०

एक्सएफएसचं नाव कुणी का घेत नाही? रेड हॅटनं २०१४ मध्ये आरएचईएल (त्यांचं कंपन्यांसाठीचं लिनक्स) ७ पासून तेच डीफॉल्ट ठेवलंय. बटरएफएस तर त्यांनी आरएचईएल ८ मधून काढूनच टाकलं. माझ्याकडे इथं बडोद्यात सगळे सर्व्हर एक्सएफएसवर आहेत.

बटरएफएसवर डेटाबेस ठेवणार असाल तर सांभाळा. दर वेळी नव्या जागी लिहायची पद्धत असल्यानं डेटाबेसच्या फाइलीचे तुकडे तुकडे होतात. फोल्डरला नो-काऊ (जुन्या जागीच लिही) लावता येतं, पण मग त्या फाइलींचा चेकसमही जातो आणि कॉम्प्रेशनही. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच गेलं.

रामबागकर
शनिवार, दुपारी १२:१०

बंड्या, एक्सएफएस मोठं करता येतं, लहान करता येत नाही. आपल्याकडे निम्मे लोक 'आधी थोडी जागा देऊन बघतो, विंडोज राहू दे' म्हणणारे. चार महिन्यांनी विभाजनं हलवायला फोन येतो. त्यामुळे ते बाद. डेटाबेस म्हणशील तर वाचनालयाच्या ग्रंथसूचीचा एक आहे, पण तो एवढासा.

सोल्डरिंग_सुलू
शनिवार, दुपारी ३:०५

मी ग्वाल्हेरला लॅपटॉप दुरुस्त करते, तुमच्या वादात हातानं बघितलेलं काहीतरी घालते.

लष्कर भागातल्या एका अकाउंटंटचं मशीन आलं होतं. बटरएफएस, आत बिननावाची स्वस्त एसएसडी. लाइट गेली, इन्व्हर्टरनं झटका दिला, मशीन बंद. परत चालू केलं तर रूट माउंटच होईना, म्हणजे उघडेचना. पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ, 'पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड', आणि पुढे दोन आकडे: हवा होता तो आणि सापडला तो. फरक थोडाच. याचा अर्थ असा की फाइलसिस्टिमनं डिस्कला सांगितलं, आधी हे पक्कं लिही, मग पुढचं. डिस्क म्हणाली लिहिलं, आणि लिहिलंच नव्हतं. लाइट गेल्यावर खोटं उघडं पडलं. बटरएफएसची दुरुस्तीची आज्ञा 'चेक रिपेअर' मी चालवत नाही, त्यानं आणखी वाट लागते. बटरएफएस रिस्टोअरनं दुसऱ्या डिस्कवर फाइली काढल्या, जवळजवळ सगळ्या आल्या. पण पाच तास गेले, आणि तो माणूस तोवर दुकानात बाकावर बसून होता. दोनदा चहा पाजला.

आता दुसरी बाजू. त्याच जातीची एसएसडी, दुसरं मशीन, ईएक्सटी४. तीच लाइट, तेच झटके. एफएससीके (डिस्कची तपासणी) चाललं, आपोआप दुरुस्त झालं, डेस्कटॉप आला. गिऱ्हाईक खूश. आठवड्यानं परत आला, 'ताई, मार्चची बिलं नाहीत.' लॉस्ट-अँड-फाउंड (तपासणीत सुट्या सापडलेल्या फाइलींचं फोल्डर) उघडलं तर आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली, एकेक उघडून बघायच्या. दोन बिलं त्यातही सापडली नाहीत.

डिस्कनं खोटं दोघांनाही सांगितलं होतं. बटरएफएस तिथंच अडून बसलं. ईएक्सटी४ उठून चालायला लागलं, खिशातून काय सांडलं ते मात्र बोललं नाही. रामबागकर, तुझ्या लोकांना यातलं कोणतं परवडतं ते तू ठरव. आणि जेल रोडची ती एसएसडी घेऊ नकोस.

रामबागकर
शनिवार, दुपारी ३:२०

सुलूताई, घेऊन झाल्या. दहा.

सोल्डरिंग_सुलू
शनिवार, दुपारी ३:२२

मग यूपीएसच्या बॅटऱ्या घे. फाइलसिस्टिम नंतर.

ग्रंथपाल_काकू
शनिवार, संध्याकाळी ७:५०

नमस्कार. मला या धाग्यात रामबागकरांनीच बोलावलं. मी वाचनालयात बसते, तुमचं लिनक्स आमच्याकडे दीड वर्षं आहे. मला फाइलसिस्टिममधलं काही कळत नाही, पण मला काय भोगावं लागतं ते सांगते, तुम्ही त्यातून घ्या.

एक. मंडळाची जुनी हस्तलिखितं आणि अहवाल आम्ही स्कॅन करतो. गेल्या वर्षी बाहेरची जुनी डिस्क भरली, म्हणून नवी आणून मशिनीवरचं सगळं तिच्यात उतरवलं आणि जुनी पुसून दुसऱ्या कामाला दिली. दिवाळीत एका सभासदांना त्यांच्या वडिलांची कविता हवी होती. पान उघडलं तर वरची दोन कडवी आहेत आणि खाली नुसती करडी पट्टी. नव्या डिस्कवरही तीच पट्टी. मूळ कागद आता हात लावला की तुटतो. नंतर शोधलं तर अशी एकोणीस पानं निघाली. कधी बिघडली, कशानं, कुणालाच सांगता आलं नाही. डिस्क तपासली तर ठणठणीत म्हणाली.

दोन. विंडोजच्या मशिनीतून पेन ड्राइव्हनं फाइली आणल्या की काही येतच नाहीत. इंग्रजीत 'फाइल नेम टू लाँग' असं म्हणतं. नाव काही फार मोठं नाही हो: 'होळकर संस्थानातील मराठी शाळांचा वार्षिक अहवाल आणि शिक्षकांची नामावली सन १९३२-३३ भाग दुसरा पाने विस्कळीत'. विंडोजवर चालतं. तुमच्या नव्या फाइलसिस्टिममध्ये हे चालेल का?

तीन. लाइट जाते.

जुना_एक्सचेंजवाला
शनिवार, रात्री ८:३०

वहिनी, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते पक्कं आहे: नाही चालणार. ईएक्सटी४, एक्सएफएस, बटरएफएस, तिघांतही एका नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोज २५५ मोजतं ते वेगळ्या मापानं, तिथं देवनागरीचा एक खूण-अक्षर एक धरला जातो. इथं यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे स्वतंत्र मोजायचे. तुमचा 'शिक्षकांची' डोळ्याला चार अक्षरी दिसतो, तो डिस्कवर तीस बाइट खातो. पूर्ण नाव मी कागदावर मोजलं, पीडीएफची चार धरून २८३ बाइट. अठ्ठावीस जास्त झाले.

इंग्रजाला २५५ अक्षरं आणि आपल्याला काना-मात्रा धरून ८५, असा हा हिशोब आहे. तक्रार कुणाकडे करणार?

पोहे_आणि_पर्ल
शनिवार, रात्री ८:५५

काका, भारी. मोजणीत भर घालतो. 'ऱ्या' दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक र-हलन्त-झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून, एक नुक्त्याच्या ऱ नं. पडद्यावर सारखाच दिसतो. फाइलसिस्टिमला बाइट वेगळे दिसतात, म्हणजे 'कोपऱ्यातले' नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी बसू शकतात आणि काकू विचारतील की फाइल गेली कुठं. हे माझ्या आईच्या लॅपटॉपवर झालंय. यावर उपाय फाइलसिस्टिममध्ये शोधू नका, कीबोर्डच्या लेआउटमध्ये एकच तऱ्हा ठेवा.

आता काकूंचा पहिला मुद्दा. रामबागकर, तो सगळ्यात मोठा आहे आणि तो बटरएफएसच्या बाजूचा आहे.

रामबागकर
शनिवार, रात्री ९:३०

हो, त्या एकोणीस पानांवरच माझं डोकं फिरलंय. बटरएफएस असतं तर काय झालं असतं? एकाच डिस्कवर डेटाची प्रत एकच असते, त्यामुळे बिघडलेलं पान दुरुस्त झालं नसतं. पण चेकसम जुळला नाही की वाचायला नकार, इनपुट-आउटपुट एरर. नव्या डिस्कवर उतरवताना कॉपी तिथंच अडली असती, काकूंनी मला फोन केला असता, आणि जुनी डिस्क तोवर पुसली गेली नसती. ईएक्सटी४ नं करडी पट्टी हसतमुखानं वाचून दिली आणि कॉपी 'पूर्ण झाली'.

जुना_एक्सचेंजवाला
शनिवार, रात्री ९:५०

हे मी मान्य करतो. नकार देणारा कारकून बरा, खोटी पोच देणारा नको. पण त्याच दिवशी काकू मशीन सुरू करायला गेल्या आणि सुलूताईंची ती ट्रान्सआयडीची ओळ आली, तर?

रामबागकर
सोमवार, रात्री ११:१५

रविवारी दिवसभर वाचनालयात होतो. सुट्टी असल्यानं मशीन मोकळं होतं. एका सुट्या एसएसडीवर माझं बटरएफएसवालं बिल्ड टाकलं, स्कॅनच्या फाइली भरल्या आणि काकूंना म्हटलं, रोजच्यासारखं काम करा. मी बाजूला बसून नुसतं बघणार. त्यांनी पोहे आणले होते, शेव वरून.

पहिली गंमत बूटलाच. ग्रबनं लिहिलं, 'स्पार्स फाइल नॉट अलाउड, कोणतीही की दाबा'. काकूंनी की दाबली नाही, मला हाक मारली. आणि का दाबावी? बटरएफएसवर ग्रबला स्वतःची एक छोटी नोंद-फाइल लिहिता येत नाही, म्हणून ते कुरकुरतं. बूट वेगळ्या ईएक्सटी४ विभाजनात ठेवलं की जातं. फेडोरा तसंच करतं. मी विसरलो होतो.

दुसरी गंमत दुपारची. काकूंनी कच्ची स्कॅनं डिलीट केली, तीस जीबीच्या आसपास. कचरापेटीही रिकामी केली. जागा तेवढीच. परत बघितलं, तेवढीच. माझ्या कॉन्फिगमध्ये @होमचेही तासाला स्नॅपशॉट चालू राहिले होते, त्यामुळे डिलीट केलेलं सगळं स्नॅपशॉटनं धरून ठेवलेलं. काकू नव्या अहवालाचं स्कॅन घेत राहिल्या आणि पावणेपाचला स्कॅनचा प्रोग्राम म्हणाला डिस्क भरली. डीएफ (मोकळी जागा सांगणारी आज्ञा) मात्र थोडी जागा शिल्लक दाखवत होतं. ती जागा डेटाच्या गठ्ठ्यांमध्ये होती, मेटाडेटाला (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींना) नवा गठ्ठा घ्यायला काहीच उरलं नव्हतं. लॉगआउट करून परत लॉगइन केलं तर डेस्कटॉप येईना.

मला ते सोडवायला वीस मिनिटं लागली. टर्मिनलमध्ये जाऊन जुने स्नॅपशॉट उडवले, मग रिकामे गठ्ठे मोकळे करायला बॅलन्स चालवला. काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे मी फोनवर कसं केलं असतं?"

ईएक्सटी४ वर डिस्क भरली की काय होतं ते आठवलं. पाच टक्के रूट म्हणजे अ‍ॅडमिनसाठी राखीव असतात, म्हणजे १२० जीबीवर सहा जीबी. वापरणाऱ्याची जागा संपते, पण सिस्टिम उठते, आणि डिलीट केलेलं डिलीट होतं.

पोहे_आणि_पर्ल
सोमवार, रात्री ११:४०

@होमचे स्नॅपशॉट चालू ठेवणं ही तुझी चूक, बटरएफएसची नाही. त्यावरून निकाल देऊ नकोस.

रामबागकर
सोमवार, रात्री ११:५५

माझीच चूक. पण मी दोन आठवडे याचाच अभ्यास करून राहिलोय आणि तरी दोन चुका केल्या. डीफॉल्ट बदललं तर असल्या चुका मी एकदा करीन आणि त्या सगळ्या मशिनींवर जातील.

बडोद्याचा_बंड्या
मंगळवार, सकाळी ८:१०

मग अपडेटचं काय? सात काळे पडदे?

जुना_एक्सचेंजवाला
मंगळवार, सकाळी ८:४५

त्याला स्नॅपशॉट कशाला? एक्सचेंजमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं की आधी एकाच खोलीत चढवायचं, आठवडा बघायचं, मग बाकीच्या. अपडेट आपल्याच मिररवरून (पॅकेजांची आपली प्रत ठेवलेल्या सर्व्हरवरून) द्या आणि आठ दिवस मागे ठेवा. सुरक्षेची तेवढी लगेच जाऊ द्या. एक मशीन रामबागकराच्या घरी, तिच्यावर आधी पडदा काळा होऊ दे.

सोल्डरिंग_सुलू
मंगळवार, सकाळी १०:२०

काकांचं पटलं. आणि काकूंच्या स्कॅनसाठी बटरएफएस लावाच, पण वेगळं. सिस्टिम ईएक्सटी४ वर राहू दे. दोन फिरत्या डिस्का घे, वेगवेगळ्या कंपनीच्या, त्यांवर फक्त स्कॅन, बटरएफएसचं रेड-१ (दोन्हींवर एकेक प्रत). मग एका प्रतीचा चेकसम चुकला की ते दुसरीवरून आपोआप भरून काढतं. महिन्यातून एकदा स्क्रबचा (सगळे चेकसम तपासण्याचा) टायमर. रेड-५ आणि ६ च्या नादी लागू नकोस, लाइट जाणाऱ्या गावात तर नाहीच. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्या यादीत) 'नोफेल' लिही, म्हणजे एक डिस्क गेली तरी मशीन सुरू होईल, फक्त स्कॅनचं फोल्डर रिकामं दिसेल आणि काकू फोन करतील. फोन यायलाच हवा.

रामबागकर
मंगळवार, रात्री १०:०५

ठरलं. कॅलामारेसच्या ओळीत ईएक्सटी४ परत लिहिलं आणि कमिट केलं. बटरएफएस यादीत राहील, पण ज्याला हवं त्यानं स्वतः निवडायचं. निवडलं तर बूट वेगळं होईल, स्नॅपशॉट फक्त रूटचे आणि पाचच ठेवले जातील, तेवढं मी आज लावून टाकलं.

बाकीच्या ईएक्सटी४ वाल्यांसाठी एक छोटी स्क्रिप्ट जोडली. स्कॅनच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचा शा-२५६ चेकसम काढून यादी ठेवते आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवण्याआधी पडताळते. जुळलं नाही तर कॉपी करत नाही, लाल चौकटीत मराठीत फाइलीचं नाव दाखवते. बटरएफएसचं काम गरिबीत केलंय म्हणा. ती चालवायला वेळ लागतो, फिरत्या डिस्कवर तर जेवून येईपर्यंत.

आणि फाइलीचं नाव २०० बाइटांच्या पुढे गेलं की स्कॅनच्या प्रोग्रामच्या आधीच सूचना येईल. काका, मोजणी तुमचीच वापरली.

काकू, दोन डिस्का आणि यूपीएसची बॅटरी घेऊन शनिवारी येतो.

पोहे_आणि_पर्ल
मंगळवार, रात्री १०:१२

मी अजून फेडोरावरच आहे आणि तसाच राहणार. पण स्क्रिप्ट बघितली, सतराव्या ओळीत फाइलीच्या नावाला अवतरण घातलेलं नाहीस. नावात स्पेस आली की मरेल. आणि काकूंच्या नावांत चौदा चौदा स्पेस आहेत.

रामबागकर
मंगळवार, रात्री १०:१५

दुरुस्त केलं. आभार भिया.

ग्रंथपाल_काकू
बुधवार, सकाळी ११:३०

शनिवारी चारनंतर या, तोवर वाचक असतात. बॅटरीचं बिल वाचनालयाच्या नावानं घ्या. नावं लहान करायला घेतली आहेत, 'अहवाल १९३२ भाग २' असं. बाकीचं मी वहीत लिहून ठेवते. दोनशेंपैकी साठ राहिलीत.